रक्ताच्या कॅन्सरमधलं ‘लाल औषध’ आणि मुलीचं हृदय

ताई, तुमचा प्रश्न असा: मुलगी साडेचार वर्षांची, ए.एल.एल. (मुलांमधला एक रक्ताचा कॅन्सर), उपचार मुंबईत, घर राजापूरला. लाल औषधाने हृदय कमजोर होतं असं वॉर्डात ऐकलंत. ते बंद करायला सांगावं का, आणि हृदय कसं जपायचं?

बंद करायला सांगू नका. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा डाउनोरुबिसिन. ते मनाने गाळलं तर आजार उलटण्याची भीती हृदयाच्या भीतीपेक्षा मोठी आहे. शिवाय नुकसान बऱ्याच अंशी आजवरच्या एकूण डोसवर ठरतं, म्हणून आधी आकडा काढा.

डोस चौरस मीटरवर मोजतात. उंची (सेंमी) गुणिले वजन (किलो), त्याला ३६०० ने भागून वर्गमूळ. १०४ सेंमी आणि १६ किलोला ०.६८ चौरस मीटर येतात, २५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर म्हणजे १७ मिग्रॅ. फाइलीत मात्र ‘प्रति चौरस मीटर’चे आकडेच बेरजेला घ्या, नुसते मिग्रॅ नकोत. इथे घोळ होतो, कारण मूल वाढतं तसे मिग्रॅ बदलतात. हृदयाच्या हिशेबात डाउनोरुबिसिन निम्मं धरतात, मायटोझँट्रोन (त्याच जातीचं आणखी एक औषध) दहापट. जास्त जोखमीच्या एका प्रचलित योजनेत डाउनोरुबिसिन २५ चे चार डोस आणि पुढे डॉक्सोरुबिसिन २५ चे तीन असतात: ५० अधिक ७५, म्हणजे १२५. १०० च्या खाली धोका कमी, २५० पासून जास्त. छातीवर रेडिएशन झालं तर धोका वाढतो. लहान वय आणि मुलगी असणं यांनीही काहीसा वाढतो.

एकूण डोस २५० च्या आसपास किंवा वर जाणार असेल तर डेक्सराझोक्सेन या हृदय जपणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते डॉक्सोरुबिसिनच्या दहापट देतात (२५ ला २५०), आधी शिरेतून, आणि ते संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत लाल औषध सुरू झालं पाहिजे. लाल औषध तयार होऊन यायच्या आधीच ते लावलं तर वेळ हुकते, म्हणून दोन्ही बाटल्या आल्यात का ते सिस्टरना विचारायला संकोच करू नका. त्याने रक्तातल्या पेशी थोड्या जास्त उतरू शकतात. दुसऱ्या कॅन्सरच्या शंकेवरून युरोपात २०११ मध्ये मुलांसाठी त्यावर बंदी आली होती. २०१७ मध्ये जास्त डोस मिळणाऱ्या मुलांसाठी ती उठली. तुमच्या मुलीची बेरीज १२५ च्या आसपास असेल तर त्याची गरज आहेच असं नाही.

लाल औषध हळूहळू, दोन दिवस चालवलं तर हृदय वाचतं, असं सांगणारे भेटतील. मुलांमध्ये तुलना करून पाहिलं तेव्हा त्याचा फायदा दिसला नाही.

लघवी एक-दोन दिवस कोकम सरबतासारखी लाल होईल. ते रक्त नव्हे. पण सलाईनच्या जागी जळजळ झाली तर लगेच ओरडून सांगा, औषध शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं.

पहिला इको (हृदयाची सोनोग्राफी) उपचाराआधी हवा. पुढचे शक्यतो त्याच ठिकाणी करा आणि तापात किंवा हिमोग्लोबिन फार कमी असताना केलेल्या आकड्यावरून घाबरू नका, तो नंतर पुन्हा करून घेता येतो. उपचार संपल्यावर दोन वर्षांच्या आत पुन्हा इको. पुढे मध्यम धोक्याला साधारण पाच वर्षांनी, जास्त धोक्याला दोन वर्षांनी, आयुष्यभर. टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी एसीटी क्लिनिक १९९१ पासून आहे. मोठेपणी गरोदरपणाआधीही इको लागेल.

घरी अर्जुनसालीचा काढा, हळदीच्या गोळ्या देऊ नका. केमोशी त्यांचं काय होईल याचा भरवसा नाही. खेळू द्या. घरात तंबाखू, मिश्री नको.

लहान मुलांत हृदय थकलं की दम लागायच्या आधी कधी पोटदुखी, उलटी, जेवण नकोसं होणं दिसतं, आणि पावसाळ्यात ते ‘पोट बिघडलं’ म्हणून सुटून जातं. सोबत पाय सुजले, दोन-तीन दिवसांत वजन एकदम वाढलं किंवा आडवं झोपवेना, तर जवळच्या डॉक्टरांना एकूण डोसचा कागद दाखवून त्याच दिवशी इको मागा. त्या कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा.