गिझर बंद होईना, घरमालक ऐकेना

प्रश्न : आम्ही अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो. बाथरूममधला गिझर घरमालकांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी तो तापेनासा झाला, तेव्हा त्यांनीच आपला इलेक्ट्रिशियन पाठवला. तेव्हापासून पाणी कितीही तापलं तरी गिझर आपोआप बंद होत नाही, दिवा विझतच नाही. परवा बटण चुकून चालू राहिलं आणि नळ उघडल्यावर पाण्याऐवजी वाफ फसफसली. आम्ही दुसऱ्या माणसाला बोलावलं. त्याने झाकण काढून दाखवलं, थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापल्यावर वीज तोडणारा भाग) ‘डायरेक्ट’ केलेला आहे, म्हणजे तो वगळून वायर थेट जोडली आहे. वीजबिलही वाढलंय. मालक म्हणतात, ‘वापरता तुम्ही, खर्च तुमचा, नाहीतर डिपॉझिटमधून कापतो.’ दुरुस्ती होईपर्यंत भाडं थांबवलं तर चालेल का?

उत्तर : नाही, भाडं थांबवू नका. पण कायद्याआधी गिझरचा एमसीबी (मीटरजवळच्या पेटीतला वीज तोडणारा खटका) खाली पाडा आणि त्यावर चिकटपट्टी लावा. नुसत्या बटणावर विसंबू नका. वायरिंग उलटं झालेलं असेल तर बटण बंद करूनही गिझरमध्ये फेज, म्हणजे वीज असलेली तार, जोडलेलाच राहतो. थर्मोस्टॅट वगळला म्हणजे पाणी उकळेपर्यंत तापत राहणार. सोबत कटआउटही (थर्मोस्टॅट चुकला तर वीज तोडणारा दुसरा भाग) वगळला असेल, तर टाकी फुटू न देणारा एकटा सेफ्टी व्हॉल्व्ह उरतो, आणि तो क्षाराने बुजलेला नसेल याची खात्री कोण देणार? तेव्हा काही दिवस पाणी गॅसवर तापवा.

आता कायदा. लिव्ह अँड लायसन्सवाला हा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही, तो परवानाधारक, आणि त्याचं भाडं म्हणजे परवाना शुल्क. हा फरक तुमच्या प्रश्नात कळीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार भाडेकरू मालकाला पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च ठरावीक मर्यादेत भाड्यातून वळता करू शकतो. तुम्हाला हा हक्क आपोआप मिळत नाही. इथेच बरेच जण फसतात. कुठेतरी वाचून पैसे कापतात, मग ‘शुल्क थकवलं’ म्हणून करार रद्द झाल्याची नोटीस हातात पडते.

तुमचं बळ दुसरीकडे आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा आहे, पण त्यातली दोन कलमं जणू तुमच्यासाठीच लिहिलीत. कलम ५७ म्हणतं, जागेतला धोकादायक दोष मालकाला माहीत असेल आणि परवानाधारकाला नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. कलम ५८ म्हणतं, जागा धोकादायक होईल असं काहीही मालकाने करायचं नाही. मालक म्हणतील, ‘इलेक्ट्रिशियनने आत काय केलं ते मला काय ठाऊक?’ हा बचाव अगदीच पोकळ नाही. म्हणूनच त्यांना आज लेखी कळवा. पत्र पोचल्यानंतर ‘ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही.

पत्र चार ओळींचं पुरे. कोणत्या तारखेला त्यांचा माणूस आला, त्याने थर्मोस्टॅट डायरेक्ट केला, परवा वाफ आली, गिझर बंद ठेवलाय. सात दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर मी करून घेतो आणि खर्च पुढच्या शुल्कातून वळता करायला तुमची संमती कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, शिवाय पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही. ‘ठीक आहे, करून घ्या’ एवढं उत्तर आलं तरी कापायचा मार्ग मोकळा. उत्तर आलंच नाही तर दुरुस्ती करा, पावती ठेवा, शुल्क पूर्ण भरा आणि खर्चाची मागणी लेखी करत राहा. त्याआधी करारातलं दुरुस्तीचं कलम वाचा. ‘किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाची’ असं बहुतेक छापील करारांत असतं. बल्ब, नळाचा वॉशर हे किरकोळ. मालकाच्या माणसाने वगळलेला थर्मोस्टॅट त्यात ओढता येणार नाही, असं माझं मत.

वीजबिलाचं मात्र सोडून द्या. वाढीतली किती गिझरची, किती थंडीची, हे सिद्ध करण्यात बिलापेक्षा जास्त खर्च होईल.

गिझर कंपनीवर किंवा दुकानावर दावा? त्याचाही फारसा उपयोग नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चं कलम ८७ सांगतं, नुकसान झालं तेव्हा वस्तूत फेरफार केलेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा, दावा चालत नाही. ‘डायरेक्ट’ करणं म्हणजे फेरफारच.

राहिलं डिपॉझिट. मालकाने ते कापलं तर दिवाणी न्यायालयात तीन वर्षांच्या आत वसुलीचा दावा लावता येतो. भाडे नियंत्रण कायद्याखालचा सक्षम प्राधिकारी यात कामाचा नाही, तो जागा रिकामी करून मागणाऱ्या मालकासाठी आहे. दाव्यात चालेल तो पुरावा. त्यामुळे दुरुस्ती करताना जुना थर्मोस्टॅट आणि ती जोडलेली वायर इलेक्ट्रिशियनला फेकू देऊ नका. झाकण उघडल्यापासून व्हिडिओ काढा, दोन्ही वस्तू पिशवीत घालून तारीख टाका, आणि पावतीवर त्याच्याकडून एक ओळ लिहून घ्या : ‘थर्मोस्टॅट वगळलेला आढळला.’ व्हिडिओ ज्या फोनवर काढाल तो विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे व्हिडिओसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागेल.