घरच्या मिररलेसला हाउसिंग घ्यावं, की पाण्याखाली चालणारा वेगळा कॅमेरा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहता खारघरला, स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स नुकताच झालाय, दिवाळीनंतर मालवण आणि पुढे जमलं तर अंदमान. घरात सोनीचा ए६४०० हा मिररलेस कॅमेरा आहे, अजून लाखभर घालायची तयारी आहे. मग त्याला हाउसिंग (म्हणजे पाणी आत न येऊ देणारी बाहेरची पेटी) घ्यावं, टीजी-७ सारखा छोटा जलरोधक कॅमेरा घ्यावा, की सरळ गोप्रोसारखा ॲक्शन कॅमेरा? आणि कुणाचं वापरलेलं हाउसिंग मिळालं तर चालेल का?

माझं मत आधीच सांगतो. सोनी घरी राहू द्या. टीजी-७, त्याचं हाउसिंग आणि उरलेल्या पैशांत एक बरा लाइट घ्या. मी ठाण्याचा, धंदेवाईक फोटोग्राफर नाही, पण मालवण आणि कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाच्या पाण्यात कॅमेरा घेऊन बरंच डुंबलोय. त्या हिशेबानेच सांगतोय. कुणी तुम्हाला तांबड्या समुद्रातले फोटो दाखवून दुसरं काही गळ्यात मारत असेल, तर आपलं पाणी वेगळं आहे एवढं लक्षात ठेवा.

जमिनीवर आपण बॉडी निवडतो, मग लेन्स, मग पिशवी. इथे उलटा क्रम लावा. हाउसिंग साधारणपणे एकाच मॉडेलच्या मापाचं असतं, कारण बाहेरचं प्रत्येक बटण आतल्या त्याच बटणावर बरोबर बसावं लागतं. बॉडी बदलली की हाउसिंग माळ्यावर. म्हणून कॅमेऱ्याआधी त्याचं हाउसिंग मिळतं का, किती मीटरचं आहे, पुढचा पोर्ट (लेन्ससमोरची काच) बदलता येतो का, ओ-रिंग (झाकणाच्या कडेची, पाणी अडवणारी रिंग) सुटी मिळते का, हे बघा.

ए६४०० ला हाउसिंग मिळतं. पॉलिकार्बोनेटचं स्वस्तातलं सी-फ्रॉग्जचं येतं आणि ॲल्युमिनियमचं नॉटिकॅमचं. ॲल्युमिनियम मजबूत, उष्णता लवकर बाहेर सोडणारं, बटणं लोण्यासारखी चालतात. पण हाउसिंग, पोर्ट, लाइट धरणारे हात, लाइट असा संसार जोडत गेलात की लाखभर कुठल्या कुठे जातात. पॉलिकार्बोनेटचं घेतलंत तर बजेटमध्ये बसेल. मग अडचण लेन्सची. तुमची १६-५० ची किट लेन्स साधारण पाव मीटरपेक्षा जवळ फोकस करत नाही. त्यात सपाट काचेचा पोर्ट असेल तर पाण्याच्या वक्रीभवनामुळे दृश्य सुमारे १.३३ पट आवळतं, म्हणजे वाइड लेन्सचं वाइडपण जातं. घुमटाकार पोर्ट लावला की ते परत मिळतं, पण त्याचे पैसे वेगळे. थोडक्यात, वाइडही नीट नाही आणि मॅक्रोही (अगदी जवळून काढलेले बारीक गोष्टींचे फोटो) नाही अशा त्रिशंकू अवस्थेत सुरुवात होणार.

आणि मालवणात तुम्हाला मॅक्रोच लागणार आहे. कर्ली नदी तारकर्ली-देवबागजवळ समुद्राला मिळते, पावसाळ्यात आलेला गाळ निवळायला वेळ लागतो, आणि सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या खडकांवर हंगामात बोटींची जत्रा असते. नवशिके पाय आपटून वाळू उडवतात ती वेगळीच. चार-पाच मीटरवरचं स्पष्ट दिसलं तर तो दिवस चांगला म्हणायचा. अशा पाण्यात दूरवरच्या माशांच्या थव्याचा फोटो काढलात तर हिरवट पडदाच हाती लागतो. खडकाला चिकटलेली बोटाच्या पेराएवढी समुद्री गोगलगाय, जिला डायव्हर लोक न्यूडी म्हणतात, किंवा ॲनिमोनीच्या (समुद्रफुलाच्या) बोटांमधली एखादी पारदर्शक कोळंबी मात्र झकास येते, कारण लेन्स आणि ती यांच्यात पाणीच फारसं नसतं.

रंगाचंही तेच गणित. पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं. पाचेक मीटरच्या आसपास तो जवळजवळ गेलेला असतो, मग केशरी, मग पिवळा. लोक फक्त खोली मोजतात. पण उजेडाला पृष्ठभागापासून माशापर्यंत आणि माशापासून लेन्सपर्यंत असा दोन्हीकडचा प्रवास असतो. तीन मीटर खोल आहात आणि मासा दोन मीटर लांब आहे, तर लाल रंगाच्या दृष्टीने तुम्ही पाच मीटरवरच आहात. म्हणून जवळ जा, आणि स्वतःचा उजेड घेऊन जा. लाल फिल्टर मध्यम खोलीवर, भरपूर ऊन असताना व्हिडिओसाठी ठीक. लाइट लावला की तो काढायचा, नाहीतर सगळं लालभडक.

आता टीजी-७. ओएम सिस्टिमने तो २०२३ मध्ये आणला, ऑलिम्पसच्या टीजी-६ चाच वारस. सेन्सर छोटा, १२ मेगापिक्सेल. आकडा ऐकून नाक मुरडू नका. त्याची खरी ताकद म्हणजे मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून एक सेंटिमीटरवरचंही फोकस होतं. रॉ फाइल मिळते, पाण्याखालचे वेगळे मोड आहेत, खोलीप्रमाणे व्हाइट बॅलन्स निवडता येतो. उणं एवढंच की पूर्ण मॅन्युअल मोड नाही, शटर स्पीड हवा तसा धरून ठेवता येत नाही. सोनीची सवय असल्यामुळे पहिले काही दिवस चिडचिड होईल.

उघडा टीजी-७ १५ मीटरपर्यंत चालतो असं कंपनी सांगते. तुमचं ओपन वॉटर सर्टिफिकेट १८ मीटरचं. तेव्हा हाउसिंगशिवाय डाइव्हला नेऊ नका. स्नॉर्केलिंगला खुशाल न्या. पीटी-०५९ नावाचं त्याचं हाउसिंग ४५ मीटरचं आहे. ही जोडी मी सुचवतोय त्यामागचं मोठं कारण हेच. कधी ना कधी हाउसिंगमध्ये पाणी शिरतं. आत टीजी असेल तर १५ मीटरच्या आत तरी तो स्वतःच जलरोधक आहे, वर येऊन धुवून पुसून पुढच्या डाइव्हला तयार. आत सोनी असेल तर बॉडी आणि लेन्स दोन्हींना तिलांजली.

गोप्रोबद्दल दोन ओळी पुरेत. व्हिडिओ हवा असेल तर उत्तमच. नुसता गोप्रो १० मीटर, डाइव्ह हाउसिंगसकट ६०. डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ४ हाउसिंगशिवाय १८ मीटरचा आहे. पण असल्या कॅमेऱ्यांचा फोकस ठरलेला असतो, फार जवळ नेलं की चित्र पिठूळ होतं. अंदमानच्या स्वच्छ पाण्यात हीच मंडळी भाव खाऊन जातात, ते खरं. आणि फोन पाउचमध्ये घालून नेण्याचा विचार असेल तर तो सोडा. फोनच्या आयपी६८ या जलरोधक दर्जाची चाचणी गोड्या पाण्यातली असते, ॲपलसुद्धा पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाही.

लाइटबाबत: सुरुवातीला व्हिडिओ लाइट घ्या, स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) नंतर. लाइटमध्ये जे दिसतं तेच येतं, फोकसलाही मदत होते. फक्त तो लेन्सला चिकटवून लावू नका, छोट्या हातावर बाजूला ठेवा. उजेड समोरून सरळ गेला की पाण्यातला प्रत्येक कण उजळतो आणि फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसतो. याला बॅकस्कॅटर म्हणतात, आणि नंतर कॉम्प्युटरवर तो काढत बसणं म्हणजे रात्रभराची शिक्षा.

ओ-रिंगवर मात्र जरा रेंगाळतो, कारण सगळा खेळ तिच्यावर आहे. आदल्या रात्री, पंखा बंद करून, टेबल लॅम्पखाली बसा. पंखा एवढ्यासाठी की त्याच्या वाऱ्याने टॉवेलचे धागे उडतात. रिंग टोकदार चिमट्याने उचलू नका. दोन बोटांनी बाजूने ढकललीत की तिचा फुगा वर येतो, तिथून धरा. बोटांमधून सावकाश फिरवा. डोळ्यांना न दिसणारा वाळूचा कण बोटाला लगेच कळतो. खाच कापसाने नव्हे, गुळगुळीत कापडाने पुसा. मग त्याच कंपनीचं ग्रीस, मुगाच्या दाण्याएवढं, रिंगला चमक येण्यापुरतं. ग्रीस पाणी अडवत नाही, रिंग सरकून नीट बसावी म्हणून असतं. थापलंत तर उलट केस आणि वाळू धरतं. दुसऱ्याचं ग्रीस मागून लावू नका, सिलिकॉनच्या काही रिंगा चुकीच्या ग्रीसने फुगतात. शेवटी झाकण लावल्यावर पारदर्शक कडेतून रिंग सगळीकडे सारखी दबलेली दिसते का, ते फिरवून बघा.

हाउसिंग शक्यतो एसीच्या खोलीत बंद करा, आत सिलिका जेलची पुडी ठेवा. दमट हवा आत अडकली आणि बोटीवर उन्हात तापली, की पाण्यात उतरताच काचेच्या आतून धुकं. बोटीवर ओल्या टॉवेलखाली ठेवा. उडी मारताना हातात धरू नका. आधी तुम्ही पाण्यात, मग बोटवाल्या दादांकडून कॅमेरा घ्या. बरीचशी गळती वरच्या दोन मीटरमध्येच होते. खाली गेल्यावर दाबानेच झाकण घट्ट बसतं.

पहिली चाचणी कॅमेऱ्याशिवाय. आत टिश्यू पेपर ठेवून रिकामं हाउसिंग घरच्या बादलीत बुडवा, बटणं दाबा, मग पूलमध्ये न्या. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मी आधी सेक्रेटरींना सांगून सकाळची बॅच संपल्यावरची वेळ घेतो. पूलमध्ये कॅमेरा म्हटलं की लोक बिथरतात, आणि बरोबरच आहे. तुम्हीही तसंच करा. मालवणात डाइव्हनंतर गोड्या पाण्याची बादली मिळेलच असं नाही, झाकणाचा डबा सोबत ठेवा. अर्धा तास बुडवून बटणं दाबत राहायचं, नळाची धार मारायची नाही. आणि कोर्स नुकताच झालाय म्हणून एक आगाऊपणा करतो: सुरुवातीच्या डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय करा. तरंगणं जमलं नसेल तर फोटोच्या नादात गुडघे प्रवाळावर टेकतात, आणि तो भाग मालवण सागरी अभयारण्याच्या आसपासचा आहे. तोवर जवळच्या फोकसचा सराव हवा असेल तर ओहोटीला मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर जा. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’वाले किनारफेऱ्या काढतात, डबक्यांमध्ये कॅमेरा बुडवायला टीजी एकदम सोयीचा.

राहिलं वापरलेलं हाउसिंग. घ्या, पण समक्ष बघून. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कधीमधी येतं, डायव्हिंग ग्रुपवर जास्त. रिंगची खाच नखाने तपासा, ओरखडा लागला तर परत द्या. काचेवरचे बाहेरचे बारीक चरे पाण्यात फारसे दिसत नाहीत, आतले दिसतात. प्रत्येक बटण दाबून सोडल्यावर पूर्ण वर येतं का बघा. अडकत असेल तर आत मीठ साचलंय. मुख्य रिंग अजून नवीन मिळते का ते त्याच्या मॉडेल नंबरवरून आधी शोधून जा, कारण जुनी रिंग तुम्ही बदलणारच आहात. आणि बादलीत बुडवून बघू का, असं विचारल्यावर विकणारा का-कू करायला लागला, तर पुढची घासाघीस न करता खारघरची गाडी पकडा.