वाचकांचे प्रश्न : गोटुलातली बैठक आणि तिचे म्हणणे

(पत्रांतील गावांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

प्रश्न : ताई, जय सेवा. मी धानोरा तालुक्यातील एका गोंड गावात बचत गटाची अध्यक्ष आहे. आमच्या गटातील एक बाई नवऱ्याच्या मारहाणीमुळे दोन लेकरांसह माहेरी आली आहे. यापूर्वी दोनदा गोटुलात, म्हणजे गावाच्या सामायिक बैठकघरात, बैठक झाली, नवऱ्याला दंड झाला, त्या दंडातून गावजेवण झाले आणि तिला परत पाठवले गेले. पुढच्याच महिन्यात त्याने तिचा हात मोडला. लग्नाच्या जेवणाला पैसा नसल्यामुळे त्यांचे लग्न रीतीप्रमाणे लागलेले नाही, त्यामुळे कायदा तिला लागू नाही असे लोक सांगतात. पोलिसांत गेल्यास गाव फुटेल, असे जाणत्यांचे म्हणणे आहे. तिलाही ठाण्याची भीती वाटते आणि तिला मराठी नीट बोलता येत नाही. आपल्या रीतीत राहून आम्ही तिच्यासाठी काय करावे?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील एका गोष्टीपाशी मी फार वेळ थांबले. दंड नवऱ्याला झाला, जेवण गाव जेवले आणि हात मात्र तिचा मोडला. दोन्ही बैठकांत दोन घरांमधील भांडण मिटवले गेले. परत जायला ती तयार आहे का, हे तिला कोणी विचारल्याचे तुमच्या पत्रात कुठेही नाही.

तरीही बैठकीची रीत टाकून द्यावी, असे मला वाटत नाही. तंटे मिटवण्याच्या परंपरागत पद्धती जपण्याचा ग्रामसभेचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्याने, मान्य केला आहे, आणि तुमच्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत किती कसोशीने पाळली, हे तुम्हाला माहीत असेलच. सर्वसहमतीत त्या बाईचीही सहमती धरायची असेल, तर ती नको म्हणत असताना तिला सासरी पाठवण्याचा निर्णय होऊच शकत नाही. पुढची बैठक बोलवावी की नाही, हेही आधी तिलाच विचारा. ती हो म्हणाली, तर तिला नवऱ्यासमोर उभे करू नका. तिच्या विश्वासातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईने तिचे म्हणणे गोंडीतूनच मांडावे, आणि दंड ठरलाच तर त्याचा पैसा जेवणावर न जाता तिच्या औषधपाण्याला व लेकरांना मिळावा. हात मोडणे हा मात्र गुन्हा आहे, आणि त्याचा निवाडा गोटुलात संपला असे कोणीही तिला सांगू नये.

लग्न लागले नाही म्हणून कायदा लागू नाही, हे साफ चूक आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा विवाहासारख्या नात्यात राहिलेल्या बाईलाही लागू होतो. जेवणाचा खर्च झेपत नाही म्हणून गडचिरोलीत कितीतरी जोडपी वर्षानुवर्षे असाच संसार करतात आणि गाव त्यांना नवरा-बायकोच मानते. गावाची ही मान्यता तिच्या अर्जाला आधार देईल, म्हणून ही दोघे जोडपे म्हणून राहत होती असा ठराव ग्रामसभेने लिहून द्यावा. मारहाण थांबवण्याचा आदेश, राहण्याची सोय, खर्च आणि लेकरांचा ताबा हे सारे या कायद्याने मागता येते. त्यासाठी आधी ठाण्यात जावे लागत नाही, संरक्षण अधिकाऱ्यामार्फत न्यायालयात अर्ज करता येतो. स्त्री म्हणून आणि अनुसूचित जमातीची म्हणूनही तिला उत्पन्नाच्या अटीविना मोफत वकील मिळतो. विधी सेवेचा क्रमांक १५१०० आहे आणि महिला हेल्पलाइनचा १८१.

तिच्या भीतीला कोणी अडाणीपणा म्हणू नये. १९७२ मध्ये तुमच्याच जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात आपल्यावर अत्याचार झाल्याची तक्रार एका आदिवासी मुलीने केली होती. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही, अशी कारणे देऊन सर्वोच्च न्यायालयाने आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना सोडून दिले. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ज्या मुलुखात हे घडले, तिथल्या बाईला ठाण्यात एकटीने पाठवणे मला पटत नाही. गटातील दोघी जणी, त्यांतली एक मराठी आणि गोंडी दोन्ही नीट बोलणारी, दवाखान्यापासून न्यायालयापर्यंत प्रत्येक तारखेला तिच्यासोबत असाव्यात, आणि तिची बुडालेली मजुरी व गाडीभाडे ग्रामसभेच्या निधीतून द्यावे.

गावाचा खरा आधार रोजच्या पोटापाण्यातही दिसायला हवा. तेंदूच्या हंगामात तिच्या पुड्यांची नोंद तिच्याच नावावर व्हावी, पैसे तिच्या खात्यात जावेत, रोजगार हमीचे जॉब कार्ड वेगळे निघावे. नवऱ्याच्या घरी वनहक्काचा पट्टा असेल, तर तो काढून पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे तो जोडप्याच्या संयुक्त नावे असायला हवा, आणि सासर सोडले म्हणून त्यावरचे तिचे नाव खोडता येत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला सांगावीशी वाटते. तुमच्या गावात कुरमाघराची, म्हणजे पाळीच्या दिवसांत बाईला गावाबाहेरच्या झोपडीत ठेवण्याची, रीत पाळत असतील, तर नवरा धमक्या देत फिरत असताना पाळीच्या दिवसांत तिला गावाबाहेर एकटीला ठेवणे धोक्याचे आहे. तिने त्या दिवसांत माहेरच्या घरातच राहावे, हे गावातील म्हाताऱ्या बायांनी पुढे होऊन सांगितले, तर इतरांना ते मोडणे कठीण जाईल.

प्रश्न : मी मेळघाटातील कोरकू तरुण आहे. माझी १६ वर्षांची मामेबहीण वीटभट्टीवर कामाला गेली असताना तिथल्या मुकादमाने तिच्यावर अत्याचार केला. तो आदिवासी नाही. आमचे पंच म्हणतात, पैसे घेऊन मिटवा, नाही तर तुमचे घर वाळीत टाकू. आम्ही काय करावे?

उत्तर : भाऊ, हे मिटवण्याचा अधिकार पंचांना नाही, आणि तिच्या आईवडिलांनाही नाही. ती १८ वर्षांखालील असल्यामुळे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो आणि माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. भट्टी दुसऱ्या जिल्ह्यात असली, तरी जवळच्या ठाण्याला गुन्हा नोंदवावाच लागतो. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमेही लावायला सांगा. वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे पंचांना सरळ सांगा. तिला आजच सरकारी दवाखान्यात न्या, उपचार मोफत आहेत. त्या वेळचे कपडे धुतले नसतील, तर तसेच सोबत घ्या.

तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यायचा असतो. तिला मराठी समजत नसेल, तर दुभाषी मिळणे हा तिचा हक्क आहे. कोरकू दुभाषी मागताना तो मुकादमाच्या ओळखीचा किंवा पैसे घ्या म्हणणाऱ्या पंचांपैकी नाही, याची आधी खात्री करून घ्या.