पोलीस भरतीच्या तयारीत घोटा मुरगळला? आधी हे कर

भावा, 1600 मीटरचं टायमिंग सध्या डोक्यातून काढ. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर आजच एक्स-रे काढ. चोळणाऱ्याकडे जाऊ नको. मी गेलो होतो, लिंबाएवढी सूज पेरूएवढी झाली!

हाड शाबूत असेल तर पहिले दोन-तीन दिवस एवढंच:
- फडक्यात गुंडाळलेला बर्फ, 15-20 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा
- क्रेप बँडेज, बोटं बधिर होणार नाहीत इतपतच घट्ट
- झोपताना पाय उशीवर

गरम शेक नको. पण आठवडाभर खाटेवरही पडू नको. सोसवेल तेवढं चाल, पायाच्या अंगठ्यानं हवेत बाराखडी गिरव.

खरी चूक पुढं होते. सूज उतरली की पोरं लगेच पळायला लागतात. लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, अजून कच्चं असतं, पायाचा तोलही गेलेला असतो, अन् तोच घोटा पुन्हा मुरगळतो. एका पायावर 30 सेकंद न डगमगता उभं राहता आलं, त्याच पायाच्या चवड्यावर न दुखता अंग उचलता आलं, की मग हळू जॉगिंग. तेही सपाट मैदानावर. उन्हाळ्यात भेगाळलेल्या आपल्या काळ्या रानात तर अजिबात नको.

तोवर दंड-खांद्याचा व्यायाम बसून कर, गोळाफेकीला कामाला येतो.