उत्तर: शेती आणि तेलघाणा असलेल्या पूर्वजांच्या नोंदी

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. तुमच्या खापरपणजोबांची पुणे जिल्ह्यातल्या सुप्याकडे जिरायत शेती आणि लाकडी तेलघाणा होता हे घरात सगळ्यांना ठाऊक, पण कागदावर घाणा कुठेच नाही आणि कार्यालय म्हणतं "अभिलेख आढळून येत नाही". आमच्या घराचं अगदी हेच झालं. सातबारा, फेरफार तुम्ही काढलेच असतील, त्यावर बोलत नाही.

आमचं सगळ्यात मोठं नुकसान केलं ते "आढळून येत नाही" या शेऱ्यानंच. एका कार्यालयात आजच्या तालुक्याचं कपाट उघडलं, काही मिळालं नाही, अर्ज निकाली. एकोणिसाव्या शतकात सुप्याचा तो सगळा भाग भीमथडी तालुक्यात होता, हे तिथल्या एकालाही सुचू नये? दुसऱ्या टेबलावर कागद मोडी लिपीत आहे म्हणून हातातही घेतला नाही. या खेपांमध्ये जुनी नावं तोंडपाठ असलेली आमची आत्या गेली. तो राग अजून जात नाही. म्हणून सांगतो, अर्जात आजचा आणि जुना असे दोन्ही तालुके लिहा, आणि माहिती अधिकारात नुसत्या नकला मागू नका, दप्तर स्वतः पाहायला मागा. तो हक्क कायद्यात आहे.

आता घाणा का दिसत नाही ते. १८३६ ला इंदापुरातून जी मोजणी-आकारणी सुरू झाली तिच्यात सारा, म्हणजे सरकारी महसूल, बसला जमिनीवर. घाण्यावरचा कर म्हणजे मोहतर्फा, तो मुंबई इलाख्यात १८४४ ला रद्द झाला. त्यानंतर घाणेवाला साऱ्याच्या कागदात नुसता खातेदार उरतो. त्यामुळे त्याआधीचे मोहतर्फ्याचे हिशेब पुण्याच्या पुराभिलेखागारात शोधा. मोडी वाचणारा जाणकार पैसे देऊन लावा. एका घराण्यासाठी लिपी शिकत बसू नये असं माझं मत, कुणाला पटणार नाही.

दुसरी जागा गहाणखतं आणि दावे. मे १८७५ मध्ये सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा झाला, त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्याचा फायदा घ्यायचा तर माणूस शेतीवर जगतो हे दाखवावं लागे, म्हणून अशा दाव्यात धंद्याचीही चौकशी निघू शकते. आमच्याकडच्या एका गहाणखतात जमिनीबरोबर घाणा आणि त्याचा बैल लिहिलाय. करडईचं तेल गाळायचं, पेंड जनावरांना घालायची, घाण्यामागे पोरं आणि बाजारात तेल विकायला बायका, असं ते घर चालायचं.

या बायकांची नावं साऱ्याच्या कागदात क्वचितच. त्यासाठी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्या बघा, गाव आणि आडनाव सांगितलं की पान निघतं. आमच्या दोन पणज्यांची नावं तिथेच मिळाली.

जुन्या महसुली कागदांवर फसली सन असतो, त्यात ५९० मिळवलं की इसवी सन येतो, एखाद्या वर्षाचा फरक धरा. मी वकील नाही, आणि हे सगळं पुणे जिल्ह्यापुरतं. विदर्भ-मराठवाड्याची दप्तरं वेगळी. जात पडताळणीसाठी लागणार असेल तर प्रमाणित प्रतच घ्या, मोबाईलवरचा फोटो चालत नाही.