फेल्टिंगला ‘आकुंचन’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: लोकरीची टोपी मुद्दाम ढगळ विणतात आणि गरम पाण्यात धुऊन लहान, घट्ट करतात. या फेल्टिंगला ‘आकुंचन’ चालेल का?

नको. आकुंचन स्नायूंचं होतं. पुण्यातल्या घरात कपडा ‘आटतो’, आणि दूध आटवतात तशी टोपीही ‘आटवता’ येते. आटीव दूध, आटीव टोपी.

एक अडचण मात्र आहे. मांजरपाटही आटतं, पण तिथे विणताना ताणलेले धागे फक्त सैल होतात. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊन साबणपाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात, टाके दिसेनासे होतात आणि मग कितीही ताणा, पहिलं माप परत येत नाही. ही खरं तर जटा धरण्याची क्रिया. म्हणून कृतीत लिहावं, ‘टाके जटेपर्यंत आटवा.’ नमदा आणि आपल्याकडचं जेन हे शब्द हाताशी आहेत, पण ती सुट्या लोकरीची, न विणलेली वस्तू. विणलेल्या टोपीला ते नाव देऊ नये.

‘लोकर’ हा शब्दही फसवा. तुळशीबागेत लोकर मागितली की बहुधा अ‍ॅक्रिलिकच हातात येतं, आणि ते दहा वेळा धुतलं तरी जटत नाही. धाग्याचा तुकडा जाळून बघा: केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे लोकर, वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. ‘सुपरवॉश’ लोकर या परीक्षेत पास होते, पण तिचे खवले बुजवलेले असल्याने तीही आटत नाही. वेष्टन वाचावं.

‘सुई दोन नंबर जाड घ्या’ या वाक्यानेही घोळ होतो. आपल्या जुन्या क्रमांकांत आकडा उतरतो तशी सुई जाडावते: १० नंबर ३.२५ मिमी, ८ नंबर ४ मिमी. तेव्हा १० ऐवजी ८, १२ नव्हे. सैल विणीत तंतूंना हलायला जागा मिळते.

माप अंदाजाने लिहू नये. २० सेमी चौरस तुकडा विणून आटवावा. उभं माप सहसा आडव्यापेक्षा जास्त आटतं. उंची १४ सेमी उरली, तर २२ सेमी उंच टोपीसाठी सुमारे ३१ सेमी विणावं लागेल. मशीनमध्ये दर पाच मिनिटांनी बघावं आणि जोरात पिळू नये, कारण तेव्हा पडलेली घडी कायमची बसते. ओली टोपी पालथ्या पातेल्यावर चढवून वाळवावी.