बाथटब काढून वॉक-इन शॉवर केला तर घर विकताना भाव पडतो का?

टिळकवाडीतल्या रो-हाऊसमध्ये वरच्या बाथरूममध्ये टब आहे, वडिलांना आत पाय टाकायला जमत नाही, आणि भाऊ म्हणतो टब काढलास तर विकताना भाव पडेल, असा तुमचा प्रश्न. नाही पडत. बेळगावात टब बघून कुणी घराला दमडी जास्त देत नाही, मग तो नसल्यावर कमी कशाला देतील?

'घरात एक तरी टब ठेवा' हा सल्ला अमेरिकेतला. तिथे बऱ्याच ठिकाणी जाहिरातीत टब असलेलं बाथरूम पूर्ण धरतात आणि नुसता शॉवर असला तर पाऊण. लहान मुलांची कुटुंबं टब आहे का बघतात, म्हणून तिथले एजंट तसं सांगतात, आणि तिथल्यापुरतं ते बरोबरच आहे. आपल्याकडे बाळ दोन्ही पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घालतात, मोठं झालं की बादलीपुढे बसवतात. टबाचं गिऱ्हाईक कोण?

हे मला एवढं पाठ आहे ते आमच्या भावजींमुळे. ते काही वर्षं न्यू जर्सीला होते, मग पुण्यात स्थायिक झाले. भाग्यनगरात वरचा मजला चढवताना त्यांनी हट्टाने टब बसवून घेतला. खाली भाडेकरू, वर आम्ही. तेव्हा नळाला रोज पाणी नसायचं, म्हणून त्या टबात आम्ही पाणी भरून ठेवायचो. जुलैत, आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, त्याच्यावर दोरी बांधून कपडे वाळत घालायचो. टब म्हणून तो वापरला फक्त भावजींनी, दिवाळीला आले की. दहा-बारा बादल्या पाणी एका माणसाला! सोलरची टाकी रिकामी, आणि पहिल्या अंघोळीच्या दिवशी बाकीच्यांनी गॅसवर पातेलं ठेवायचं.

पुढे सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टबाची कड दीड फुटाच्या आसपास. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने कामवाली, असं धरून त्यांना आत उतरवायचं. त्या म्हणायच्या, "मला त्या होडीत घालू नको गं, मी स्टुलावर बसून तांब्याने घेते." मी टब काढायचं ठरवलं आणि पुण्याहून फोन आला. "वहिनी, रीसेल व्हॅल्यू जाईल. दोन-तीन लाखांचा फटका आहे." मी म्हटलं, आईंना रोज उचलून आत ठेवायला तुम्ही येत असाल तर राहू दे टब. आले नाहीत. गवंडी आला.

गवंड्याने टबाभोवतीची वीटकामाची भिंत फोडली तर आतली भर सगळी ओली. टबाच्या निचऱ्याचा जोड कधीपासून झिरपत होता कोण जाणे. जोड तपासायला बाजूला एक काढता येणारं झाकण ठेवतात, ते न ठेवता सरसकट टाइल लावून बंद करून टाकलं होतं. भाडेकरूच्या स्वयंपाकघरात छताला डाग का पडतो याचं उत्तर तिथे मिळालं. गवंडी म्हणाला, "अक्का, वर रंगच मारत बसला होता की ओ तुम्ही."

टब साधारण पाच फूट बाय अडीच. तेवढी जागा शॉवरला पुरते. खालची जुनी भर पूर्ण काढा, वरच्यावर टाइल बसवून देतो म्हणणाऱ्याला घरी पाठवा. वॉटरप्रूफिंगचा कोट जमिनीवर आणि शॉवरच्या भिंतीवर उंचापर्यंत, कोपऱ्यात जाळीची पट्टी. मग निचरा बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या छताकडे बघत राहायचं. टाइल लावायची घाई गवंड्याला असते, तुम्हाला नको. उतार ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीच्या, दिशेने फुटाला पाव इंच असला तरी पुरतो, त्याहून जास्त दिला तर म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो. टाइल खरखरीत आणि लहान मापाची, म्हणजे सांधे जास्त आणि पाय धरतो. आत उंबरा ठेवू नका, वॉक-इनचा अर्थच तो. धरायचा दांडा भिंतीत पक्का रोवून घ्या, टॉवेलच्या दांडीला वडील धरतील आणि ती हातात येईल.

आणि खाली बादलीचा नळ ठेवाच! आमच्याकडे माणसं शॉवरखाली उभी राहत नाहीत, शॉवरखाली बसून बादलीतून घेतात. काचेचं पार्टिशन मी नाही लावलं. बोअरचं पाणी असलं की काचेवर पांढरे डाग बसतात, रोज पुसायचं कुणी? पडदा बरा, फाटला तर बदलता येतो.

आता विक्रीचं. सासूबाई गेल्यावर वाटणी झाली आणि घर विकायला काढलं. बघायला आलेल्यांत गोकाकचे होते, खानापूरचे होते, इथल्याच वडगावचे होते. पाणी कधी येतं, बोअरचं पाणी जड आहे का, समोरचा रस्ता किती फुटी, दार पूर्वेला आहे का, दोन गाड्या लागतील का, आणि सगळ्यात आधी खातं, म्हणजे पालिकेच्या दप्तरातली मिळकतीची नोंद, कुणाच्या नावावर. ऑक्टोबर २०२४ पासून कर्नाटकात ई-खात्याशिवाय, म्हणजे त्याच नोंदीच्या ऑनलाइन उताऱ्याशिवाय, शहरातल्या मिळकतीची नोंदणी होत नाही, त्यामुळे आता तर तोच पहिला प्रश्न. बँकेचा व्हॅल्युअर आला तो जागेचा दर, बांधकामाचं माप आणि इमारतीचं वय लिहून गेला. बाथरूममध्ये डोकावला, नळ सोडून बघितला, बाहेर आला.

घासाघीस एकाच गोष्टीवर झाली. खालच्या छतावरच्या त्या डागावर. रंग दिला होता तरी कड दिसत होती. गळती बंद झाल्याचं कितीही सांगितलं तरी घेणारा म्हणाला, दुरुस्तीचे कमी करा, आणि कमी करावेच लागले. म्हणजे टबामुळे भाव पडला, पण तो काढल्यामुळे नव्हे. सब-रजिस्ट्रार कचेरीत सह्या करतानासुद्धा भावजी माझ्या नवऱ्याला म्हणत होते, टब असता तर वरचे दोन लाख मिळाले असते. कुणाकडून, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा तुमचा भाऊ त्या घरात राहतो का, हे आधी सांगा. रोज वडिलांना न्हाऊ घालणाऱ्याने ठरवायचं, सणाला येणाऱ्याने नाही. खर्चात निम्मा वाटा देतोस का, एवढं विचारून बघा. माझ्याकडे या प्रश्नानंतर फोन कट झाला होता.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. पुढच्या सहा महिन्यांत घर विकणारच असाल आणि वडील तिथे राहणार नसतील, तर काहीच करू नका, बाथरूमवर घातलेले पैसे परत येत नाहीत. चोर्ल्याच्या बाजूला होमस्टे वगैरे चालवत असाल तर टब ठेवा, गोव्याच्या वाटेवरच्या पाहुण्यांना तो फोटोत आवडतो. फ्लॅट असता तर खालच्या बिऱ्हाडाला आधी सांगावं लागलं असतं, रो-हाऊसला तो त्रास नाही. जुना टब ॲक्रिलिकचा असेल तर भंगारवाला फुकटसुद्धा नेत नाही, गवंड्याच्या मजुरीतच उचलून न्यायचं ठरवून घ्या. आणि काम पावसाळ्यात काढू नका, कोट वाळत नाही. फेब्रुवारी-मार्च गाठा, कारण मे महिन्यात लग्नाचे पाहुणे घरात आणि बाथरूम एकच चालू, असं होईल.